साडभाऊंचे दोन डबे

आमच्या साडभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू, तिच्या शेजारी दुसरी ठेवून पाहिल्याशिवाय घेतलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्यानं मोठे, त्यामुळे मला त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि माझा सगळा थकवा इथूनच सुरू होतो. पस्तीस वर्षं ते कळमन्याच्या धान्यबाजारात माल जोखायच्या कामाला होते. दोन पोत्यांतली तूर दोन तळहातांवर घ्यायची, आळीपाळीनं निरखायची, एकेक दाणा दाताखाली धरायचा आणि मगच तोंड उघडायचं. ही सवय निवृत्तीच्या दिवशी कळमन्यातच सोडून यायला हवी होती, पण ती त्यांच्याबरोबर घरी आली. चप्पल घ्यायला गेले, की डाव्या पायात एका दुकानाची आणि उजव्या पायात दुसऱ्या दुकानाची घालून चौकापर्यंत चालून येतात, आणि दोन्ही दुकानदार दारात उभे राहून त्यांच्या पायांकडे बघत बसतात. एकाच खोकल्यासाठी त्यांचे दोन डॉक्टर आहेत. बायको तेवढी त्यांनी तुलना न करता केली. बुद्धविहारात ताईला गाताना ऐकलं आणि त्याच संध्याकाळी आपल्या वडिलांना जाऊन सांगितलं, "हेच पोरगी."

ताईचा गळा होताच तसा. तिच्या आईनं जुळवलेली दहा-बारा गाणी ती म्हणायची. ती कुठं छापलेली नाहीत, वहीत नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीतले व्हिडिओ आहेत म्हणा, पण त्यांत डीजेच्या धडधडाटाखाली ताई कुठंतरी आहे एवढंच कळतं. मार्चमध्ये तिच्या गळ्यात गाठ निघाली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी मेअखेरची तारीख दिली आणि सांगितलं, की काळजीचं कारण नाही, मात्र आवाज बदलू शकतो. बदलेलच असं नाही, पण आम्ही लिहून देणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ माझ्या दारात हजर. "दोन महिने आहेत गा. तुह्या ताईची सारी गाणी भरून ठेवाची आहेत. पहिल्या नंबराची."

"मोबाइलवर घेऊन टाका ना," मी म्हणालो. झोपेतून उठलो होतो, आणखी काय सुचणार?

"मोबाइलवर लग्नाची पंगत घेतेत. हा गळा आहे गा!"

मग आला ऑडिओ इंटरफेस. ज्यांना हे नाव पहिल्यांदा ऐकायला मिळतंय त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधोमध बसून आवाज आत पोचवणारा हा एक डबा असतो, बस्स. सदरमधल्या दुकानातून त्यांनी एक स्वस्तातला आणला, रिकाम्या डब्याएवढा हलका. आता एक आणला म्हणजे दुसरा येणार, हे मी बायकोला त्याच दिवशी सांगितलं होतं. आठवड्यानं कुरियरनं दुसरा आला. जुनी मोटरसायकल येईल एवढ्या किमतीचा आणि विटेसारखा जड. साडभाऊंनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि त्यांचा चेहरा पुन्हा कळमन्यातल्यासारखा उजळला.

तुलना करायची तर माल सारखा हवा. म्हणून ताईनं एका गाण्याची पहिली ओळ स्वस्त डब्यात म्हणायची, मग तीच ओळ महाग डब्यात. मग बटण जरा फिरवून पुन्हा. मग माइक वीतभर मागं घेऊन पुन्हा. आणि परीक्षक कोण, तर मी! रोज दुपारी दोन वाजता त्यांच्या घरी कानांवर हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करून बसायचं. "सांग गा, पहिला बरा का दुसरा?" मला दोन्हींतून ताईच ऐकू यायची. काहीतरी सांगायचं म्हणून मी पहिला म्हणायचो. तेवढ्यावर सुटका नाही. "काहून?" कारणही द्यावं लागे. "जरा मोकळा वाटला," मी म्हणायचो, आणि ते वहीत लिहून घ्यायचे: मोकळा. शपथेवर सांगतो, मोकळं होण्याची इच्छा माझी स्वतःची होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना शोध लागला, की महाग डब्यात जास्त आवाज येतात. म्हणजे ताईच्या मागं पाण्याचा टँकर येतो, समोरच्या घरातली कुकरची शिटी येते, एकदा तर माझ्या पोटातली गुरगुरसुद्धा आली. दुसऱ्या कुणी डबा परत केला असता. साडभाऊंचा ऊर भरून आला. "पाह्य गा, हा इमानदार आहे! स्वस्ता झाकून नेते, हा सारं सांगते." आणि डबा इमानदार ठरला, म्हणजे सुधारायचं कुणी, तर वस्तीनं. भर मे महिन्यात दुपारी हा माणूस घरोघरी जाऊन कूलर बंद करायला सांगू लागला. कूलरची घरघर डब्यात येते म्हणून! शेजारच्या काकूंनी ओल्या टॉवेलनं तोंड पुसत विचारलं, "भाऊ, बाहेर पंचेचाळीस हाय. तुमच्या डब्याले थंडी वाजून राहिली का?" त्यांच्या स्वतःच्या घरचा कूलर मात्र बंद झालाच. मी घामानं निथळत भिंतीकडे बघत बसलो आणि ताई तीच ओळ म्हणत राहिली.

ताईला मी एकदा म्हटलं, "तुम्ही तरी नाही म्हणा." ती हसली. "घाबरले आहेत हो भाऊजी. डब्यात डोकं घातलं की त्यायले ऑपरेशन दिसत नाही. मले म्हणू द्या." तेव्हा मला पहिल्यांदा साडभाऊंची दया आली, आणि दया आली की माणूस दुपारी दोनला पुन्हा हजर होतो.

"एकदा लेव्हल जुळली का पुरं गाणं घेऊ," असं ते रोज म्हणायचे. ऑपरेशनला आठ दिवस उरले आणि ताईचा गळा बसला. रोज तीच ओळ पुन्हा पुन्हा, तीही चढी, बसणारच. डॉक्टरांनी बोलणंसुद्धा बंद करायला सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. ताई घरी आली, बोलते, हसते, फक्त आवाज खाली उतरलाय आणि वर चढत नाही. तिला त्याचं फारसं काही नाही. "गाठ गेली नं. गाणी सुनेले शिकवीन." पण साडभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये दीडशेच्या आसपास तुकडे आहेत आणि सगळे त्या एकाच ओळीचे. निम्मे या डब्याचे, निम्मे त्या डब्याचे. दुसरी ओळ एकातही नाही. मला भयंकर राग आला होता. दोन महिने मिळाले होते, आणि या माणसानं ओळ जोखण्यात घालवले! तोंडावर बोलायचं ठरवूनच मी गेलो, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि चहा पिऊन परत आलो.

परवा ते आमच्याकडे आले. हात रिकामे. माझ्याशी न बोलता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बहिणीबहिणीचा गळा एकच असते म्हणतेत वं. दुसरी ओळ म्हणून पाहशील का?"

माझी बायको जन्मात कधी गायलेली नाही. मुलांची अंगाईसुद्धा ती रागावल्यासारखी म्हणायची. "मले कुठं येते, भाऊजी," असं म्हणत तिनं निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली, आणि दुसरी ओळ म्हटली. सुरात नव्हतीच. पण ओळीच्या शेवटी, जिथं आवाज उचलावा लागतो, तिथं एक क्षण ताई आली. तीच, विहारातली.

साडभाऊ माझ्याकडे वळले. "तुले आलं का गा ऐकू?"

दोन महिन्यांत मी त्यांना शंभर खोटी उत्तरं दिली होती. "आलं," मी म्हणालो, आणि खरंच आलं होतं.

ते उंबऱ्यावरच खाली बसले. "अजून एकदा म्हण वं, पोरी." बायकोनं पुन्हा म्हटलं. या वेळी ताई आली नाही. साडभाऊ मान खाली घालून तिथंच बसून राहिले, तिसऱ्यांदा म्हटल्यावर तरी ताई येईल म्हणून.