रबराची बोटं

यंत्राने माझा पदर चिमटीत धरला आणि खेचायला लागलं.

"आई, हलू नकोस!" माझी मुलगी मीनल ओरडली.

"मी कुठे हलतेय? त्यालाच सांग की!"

आज जर्मनीत, आखन शहरातल्या मीनलच्या घरात नातीची भिजलेली सायकल हीटरशेजारी उभी आहे. टायरचा उबट वास आला आणि मी पुन्हा त्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. मीनल यंत्रांना बघायला शिकवते. तिचं तेव्हाचं यंत्र जमिनीवर पडलेले कपडे उचलून टोपलीत टाकायचं. ते बघून तिचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, हे वरचे साहेब त्या दिवशी ठरवणार होते. मी खुर्ची सोडून सवयीने भिंतीपाशी मांडी घातली होती. यंत्राने माणसं पाहिली होती ती उभी, नाहीतर खुर्चीत बसलेली. मी त्याला कपड्यांचा ढीग वाटले.

मीनलने लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं आणि प्रयोगही तिथेच संपला.

"थोडं थांबायचंस. नुसता पदर तर होता," मी म्हटलं.

"पदराच्या आत तू होतीस ना," ती म्हणाली.

तेव्हा मी घाबरले होते. आता आठवतात ती मऊ रबरी बोटं, वासराने पदर तोंडात धरावा तशी, आणि खिडकीतून उतरलेला संथ उजेड. ते काम बंदच झालं. पुढे दुसऱ्या ठिकाणी मीनलने यंत्राला सगळ्यात आधी जमिनीवर बसलेल्या माणसांची चित्रं दाखवली. त्यातली पहिली बाई मी आहे.