शर्टावरचं फॉरएव्हर

शेजारच्या वहिनींच्या दोरीवर गणवेशाचा शर्ट वाळत होता. पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं, ‘फ्रेंड्स फॉरएव्हर’. त्यांच्या मुलीच्या दहावीचा निरोप समारंभ कालच झाला.

मीही दहावीत शोभाच्या शर्टावर हेच लिहिलं होतं. ‘कायमची तुझी’ असं मराठीत लिहायला माझा हात धजला नसता. परक्या भाषेत एवढा मोठा शब्दही कसा हलका वाटतो. शोभाची शाळा तिथेच सुटली. मी कॉलेजात गेले, नव्या मैत्रिणींत रमले. तिनं दोनदा घरी बोलावलं, मी गेले नाही.

तो शर्ट मग तिच्या धाकट्या बहिणीकडे आला. ती रोज आमच्या दारावरून जायची. पाठीवरचं माझं अक्षर दिसलं की मी आत सरकायचे. एकदा न राहवून तिला म्हटलं, “लिंबू-मीठ चोळ, निघेल ते.”

ती म्हणाली, “ताई नको म्हणते.”

“घासून घासून हात दुखले,” शर्ट उलटा करत वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला काही उपाय माहितेय का हो?”

मी नाही म्हणाले.