पेन्सिलीचं वर्तुळ

कॅनडात, बर्नाबीत असताना मी दर शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या वर्कशॉपमध्ये पुस्तकांचं कपाट करायला जायचो. समोरच्या टेबलावर एक म्हातारा गोरा महागडं किट आणून जुन्या पद्धतीची बंदूक जोडत असे. लाकडी दस्ता तेवढा हातानं तासायचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

दोन महिने तासल्यावर दस्त्यात, ऐन मुठीच्या जागी, काळी गाठ आणि तिच्यातून गेलेली चीर निघाली. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि तिच्याभोवती पेन्सिलीनं वर्तुळ काढलं.

"रिटर्न करा ना," मी म्हटलं.

"कंपनी नवा दस्ता द्यायला तयार आहे," तो म्हणाला. "पण नव्यातली चीर कुठे आहे, ते मला माहीत नसेल."

त्यानं बंदूक पूर्ण केली. हिच्यात दारू कधीच भरणार नाही, म्हणाला. पॉलिशखाली ते वर्तुळ तसंच ठेवलं.

माझ्याही एका फळीला चीर होती. तिची चीर असलेली कड मी गुपचूप भिंतीकडे करून टाकली. ती फळी कुठली, ते आता आठवत नाही. जड पुस्तकं मी सगळ्याच फळ्यांवर बिचकत ठेवतो.