सत्कार आधी झाला

बहिणीच्या मुलीची निवासी शाळेसाठी निवड झाली आणि आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेजवळच्या विहारात तिचा सत्कार ठरला. प्रमुख पाहुणी मी. त्याच शाळेत शिकून मी पुण्यात संशोधनाला लागले. त्यामुळे वस्तीच्या दृष्टीने मी म्हणजे यशस्वी झालेला प्रयोग. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे सत्काराच्या सभेत सांगण्याची सोय नसते.

अडचण एवढीच होती, की मुलीला जायचे नव्हते.

"तूच सांग तिला," मी पिशवी खाली ठेवण्याआधीच ताई म्हणाली. "माझं ऐकंना. समद्यांना निरोप गेलेत, अन् ही म्हणती, मी न्हाय जाणार. काय तोंड दाखवू?"

आजोबांपासून आमच्या घरात शिक्षणाला 'नको' हा शब्द कुणी लावलेला नव्हता. मी मुलीला गच्चीवर नेले आणि क्रमाने फायदे सांगितले: प्रयोगशाळा, ग्रंथालय, पुढच्या परीक्षांची तयारी. दहा वर्षांच्या त्या मुलीने सारे ऐकून घेतले.

"मावशी, तितं रडू आलं तर कुटं जायचं?"

"पाण्याच्या टाकीमागं. तिथं कुणी येत नाही."

उत्तर इतके तयार होते, की मीच दचकले.

"तू रोज जायचीस?"

"पहिल्या वर्षी. मग सवय झाली."

ती सवय चांगली की वाईट, हे मला आजवर मोजता आलेले नाही. ती शाळा वगळून वाढलेली दुसरी मी तुलनेला उपलब्ध नाही.

सत्कारात तिच्या खांद्यावरून शाल सारखी घसरत होती. 'जूनमध्ये आमची लेक जाणार' हे वाक्य माझ्याकडून अपेक्षित होते. मी म्हणाले, ती उत्तीर्ण झाली, तिचे अभिनंदन. जायचे की नाही, ते घरी ठरेल. टाळ्या विरळ पडल्या.

ताई घर येईपर्यंत आमच्या पुढे झपाझप चालत राहिली. दारात मात्र थांबली.

"तुझं झालं की शिकून. माझ्या पोरीच्या येळंलाच दया आली व्हय?"

"तिला एकदा विचार, ताई."

"मला कुणी इचारलं हुतं? तू गेलीस, अन् मी आईच्या हाताखाली हितंच."

मी तिच्या हातातली किल्ली घेतली. मग ताई मुलीकडे वळली.

"काय गं, खरंच न्हाय जायचं?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी कुलूप उघडण्यात लक्ष घातले; हे उत्तर माझ्याकडून जाता कामा नये.

"न्हाय. हितल्या शाळंत शिकते की. लई अभ्यास करते."

"करते म्हणं! न्हाय केलास तर ह्या मावशीलाच धरीन बघ."

ताईने शाल तिच्या खांद्यावरून काढली, घडी घातली आणि भाकरी टाकायला आत गेली. तिने होकार दिला नव्हता. मुलगी मात्र सत्काराची नवी चप्पल उंबऱ्यात सोडून अनवाणीच खेळायला पळाली.