अडथळ्याचे पाय

"मेंढरामागं पळणं वेगळं. हा तुम्हा लोकांचा खेळ नाही."

मी मैदानात पालथी पडले होते. ओठ फाटलेला, तोंडात माती. शाळेचे खेळाचे सर हे बोलले, आणि सगळं मैदान हसलं.

अडथळ्यांची शर्यत होती. मी फुलंब्रीकडची धनगराची पोर, अनवाणी. शेजारच्या पट्ट्यात सरांची पुतणी, नव्या बुटांत. तिचा पाय लागला की अडथळा आडवा व्हायचा, ती पुढं जायची. माझा पहिलाच अडथळा हललाही नाही. घरी बाप म्हणाला, "जाऊ दे. आपल्याला कुठं येतंय ते?" मलाही ते खरं वाटलं. किती वर्षं खरं वाटलं!

पुढं एका शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी अडथळा उचलून दाखवला. त्याचे पाय धावणाऱ्याकडं हवेत. मग धक्का लागला की तो पडतो. उलटा लावला की तो पडत नाही, माणूस पडतं. मला शाळेतली ती शर्यत आठवली. माझ्या पट्ट्यातल्या अडथळ्यांचे पाय पलीकडं होते. फक्त माझ्याच. आणि ते लावायला सर स्वतः वाकले होते.

रडू आलं नाही. अंगाची आग झाली. त्या आगीवर मी ऑलिंपिकपर्यंत पळाले. पहिल्याच फेरीत बाद झाले, पण माझ्या पायांनी पळून बाद झाले.

आता गारखेड्यात पोरींना शिकवते. परवा एका क्रीडा मंडळानं सत्कार ठेवला. शाल द्यायला तेच सर, आता मंडळाचे अध्यक्ष. माईकवर म्हणाले, "हिला मीच घडवली." निवेदक म्हणाला, "मॅडम गुरूंच्या पाया पडतील." सरांनी पाय पुढं केला.

मी वाकले नाही. माईक घेतला.

"सर, माझे अडथळे तुम्ही उलटे लावले होते."

"लई जुनं झालं गं ते," सर हसले.

"व्हय. ओठावरचा वण पण जुना झालाय," मी म्हणाले, आणि शाल खुर्चीवर टाकून उतरले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. माफी मागा, नाहीतर तुमच्या पोरींना मंडळाचं मैदान बंद.

माझ्याकडं शिकणारी शबाना शेंद्रा गावची. ती म्हणाली, "मॅडम, आमचं रान पडीक हाय. तिथं पळू की."

आज आम्ही तिथं अडथळे नेले. प्रत्येक पोरीनं आपल्या पट्ट्यातून चालत जाऊन अडथळ्याचे पाय तपासले. हे मी त्यांना पळण्याच्या आधी शिकवलंय. पाया पडायला शिकवणार नाही. माफी तर मागणारच नाही.