अजगराचं जेवण आणि लूमची चिंधी

आमच्या घरात अजगर आहे म्हटलं की भिवंडीतले लोक आधी हसतात, मग दार कुठे आहे ते बघून ठेवतात. परदेशी जातीचा, रीतसर नोंद केलेला, नवऱ्याचा लाडका. मला त्याची भीती कधीच वाटली नाही. राग यायचा तो त्याच्या जेवणाचा. नवरा काचेच्या पेटीत जिवंत पांढरा उंदीर सोडायचा आणि तो बिचारा कोपऱ्यात थरथरत बसायचा. एकदा त्या उंदरानेच जिवाच्या आकांताने अजगराच्या डोळ्याखाली कडकडून चावा घेतला. मी म्हटलं, "बास झालं! यापुढे माझ्या घरात जिवंत जीव त्या पेटीत जाणार नाही."

जनावरांच्या डॉक्टरांनी माझीच बाजू घेतली. नवऱ्याने विचारलं, "मग उंदीर जिवंतच फ्रीजरमध्ये ठेवू का?" त्यावर ते असे उखडले की मला मनात आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. गोठून मरणं म्हणजे नुसते हाल. जवळच्या पडघा गावातला उंदीर पाळणारा त्यांनीच सुचवला. तो हळूहळू गॅस सोडून आधी उंदराची शुद्ध घालवतो, मेल्याची खात्री करतो आणि मगच गोठवतो. आपण घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात त्या उंदराचा बर्फ सुटू द्यायचा, कोमट पाण्यात ऊब आणायची, कोरडा पुसायचा आणि लांब चिमट्याने पुढे करायचा. माझ्या कोलंबीशेजारी नको, म्हणून जुना छोटा फ्रिज उंदरांसाठी दिला.

पण हा पठ्ठ्या तोंड लावेना! जीभ काढायचा आणि मान फिरवायचा. असे कित्येक आठवडे गेले, अंग बारीक दिसायला लागलं. शेवटी नवरा पडघ्याहून खोक्यात एक जिवंत उंदीर घेऊनच आला. म्हणाला, "शुक्रवारी मागच्या शेडातले लूम बंद असतात, शांत असतं. तेव्हा शेवटचं बघू. नाही खाल्लं तर हा पेटीत सोडणार. तुझ्या दयेपायी माझं जनावर मरायला नको." खोक्याच्या भोकातून गुलाबी नाक हलत होतं. मला रडूच आलं.

शुक्रवारी दुपारी सासूबाईंनी जेवणाचं ताट पुढे ढकललं. "ताटाला लूमच्या तेलाचा वास येतंय. मी न्हाय जेवायची!"

आमच्याकडे काहीही पुसायचं तर मागच्या यंत्रमागांच्या शेडातली, लूम पुसायची चिंधी आणायची, ही सगळ्यांची जन्माची सवय. ताट धरून मी उभीच राहिले. अहो, उंदीरही आम्ही त्याच चिंधीने पुसत होतो! आणि हा प्राणी तर जिभेने वास घेणारा!

सासूबाईंचं जुनं लुगडं नुसत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलं. संध्याकाळी ऊब आणलेला उंदीर त्या लुगड्यानेच टिपला आणि चिमट्यात धरून जरासा हलवला. अजगराची जीभ बाहेर आली. पुन्हा आली. आणि झडपच! वेटोळं आवळलं गेलं. मी तोंडावर हात दाबून घरभर नाचले. नवरा "हळू, हळू" म्हणत होता आणि स्वतःच डोळे पुसत होता.

"जेवला का गो?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवला!"

"चांगला हाय. त्याला माझा लुगडा, आन् मला चिंधी!"

नवऱ्याने खोका उचलला, पडघ्याला परत द्यायला. तो उंदीरही एक दिवस कुणाचं तरी जेवण होणार, हे मला ठाऊक आहे. पण कोपऱ्यात थरथरत नाही. दारातून नवरा वळला.

"गोठवलेले किती आणू?"