पूर्ण बरी झाली, असं मी छापलं

माझी ताई मुलांची डॉक्टर झाली, आणि तरीही मुलांच्या रक्ताचे आजार नि कर्करोग शिकायला हैदराबादला आणखी दोन वर्षांच्या फेलोशिपला निघाली, तेव्हा मी तिच्याशी कडकडून भांडले. नव्वदीची सुरुवात होती. "आपल्याकडे तापाला डॉक्टर मिळत नाही आणि तू अजून शिकतच बसणार? कुणासाठी?"

बॅग भरता भरता ती म्हणाली, "पत्रक वाचून दाखवू नकोस." आदिलाबादला मी ज्या संघटनेत होते, तिची पत्रकं मीच लिहायचे. बोलायचेही तशीच.

वर्षभरानं जवळच्या जैनथ भागातल्या एका गावातली सात वर्षांची मुलगी आईबापांनी आमच्या संघटनेकडे आणली. कापूस पिकवणारं घर. पोर पांढरीफटक, हिरड्यांतून रक्त. आदिलाबादच्या डॉक्टरांना रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. मोफत उपचारांना लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी सरकारी कचेरीत तीन दिवस ठाण मांडलं आणि तिघांना ताईच्या वॉर्डात नेऊन सोडलं. महिन्याभरात पोर उठून बसली, भाकरी मागू लागली; पुढच्या तारखा देऊन तिला घरी सोडलं. तिला आणायला गेलेली मी इतकी हरखले की परतल्याबरोबर पत्रक काढलं: 'आमच्या लढ्याला यश! चिमुरडी कर्करोगातून पूर्ण बरी!' त्यांच्या गावात घरोघर वाटलं.

दोन महिन्यांनी ताईचं पत्र. 'तुझी मुलगी दोन तारखांना आली नाही. हा आजार पहिल्या महिन्यात लपतो, जात नाही. औषध तीनेक वर्षं चालतं. खेळायला लागलेली मुलंच आमच्या हातून निसटतात. इथे सुई टोचायला जेवढं शिकवतात, तेवढंच न आलेल्या मुलांच्या मागे लागायलाही शिकवतात. जा, घेऊन ये.'

गेले. पोर अंगणात लंगडी घालत होती.

"आता काऊन न्यावं बाई?" बाप म्हणाला. "पोरगी धावून राह्यली. पोचम्माचा नवस बी फेडला, बोकड देला. आता पुन्हा दवा सुरू केली तं देवीले खोटं पाडल्यावानी होते."

नवस! माझं डोकं सणकलं. अंधश्रद्धेवर पाठ होतं तेवढं सगळं बोलून घेतलं. त्यानं नुसतं दाराकडे बोट केलं. खळीनं चिकटवलेलं माझंच पत्रक. "तुमी बी तं छापलं ना, पूर्ण बरी म्हून? का तुमी खोटं छापता?"

आदिलाबादला परतून ताईला फोन लावला.

"त्यांनी बोकड कापला, तू पत्रक काढलंस," ती म्हणाली. "घाई दोघांचीही. त्यांना बोल लावू नकोस. आधी तुझी चूक सांग."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चूक कबूल करायची मला सवय नव्हती. "मी चुकीचं छापलं. दुखणं अजून आत आहे. औषध थांबलं तर ते परत येईल, आणि मग हाती लागणार नाही."

मुलीची आई चुलीपासून उठून दारात आली. "नवस मी बोलली होती, तुमी नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "बोकड आन् साडी, असा होता. साडी कुठी देली?"

"उद्या देऊ. त्यात काय?"

"नाही. डाक्तरीणबाई दवा बंद म्हणन, तवाच देईन. तवरोक नवस फिटला नाही."

"वकील झाली का वं तू?" तो म्हणाला; पण हसला.

मी थक्क. माझ्या कुठल्याच पत्रकात असा मुद्दा नव्हता.

सोमवारच्या बसनं हैदराबादला निघालो. पोर वाटभर रडली, "मले सुई नाही पायजे." ताईनं तिला तपासलं, रक्त पाहिलं, आणि माझा हात घट्ट धरला. आजार अजून उलटला नव्हता. उपचार त्याच दिवशी पुन्हा सुरू झाले.

पुढची तारीख कागदावर लिहून ताईनं बापाच्या हाती दिली. "ही चुकली तर मी स्वतः गावात येईन. जेवायला नाही, भांडायला."

"भांडायले तुमची बहीण पुरे हाय," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून त्यानं वरच्या खिशात ठेवली.